घड्याळ लंगडतंय, कानस लावू का?

प्रश्न : आजोबांचं लंबकाचं भिंतीवरचं घड्याळ लंगडत चालतं, टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं नाही. दहा मिनिटांत थांबतं. डावी बाजू किंचित उचलली की ठोके सरळ येतात, पण तासाभराने पुन्हा बंद. आत अँकरच्या (लंबकाबरोबर डुलत एस्केप चक्राचा एकेक दाता अडवणाऱ्या-सोडणाऱ्या तुकड्याच्या) दोन्ही टोकांवर दात्यांनी चर पाडलेत. ते कानशीने सपाट करू का?

उत्तर : कानस आधी बाजूला ठेवा. ती टोकं म्हणजे पॅलेट. दाता त्यांच्या उतारावरून घसरतो तेव्हाच लंबकाला पुढचा धक्का मिळतो. कानशीने तो उतार बिघडला की घड्याळ कायमचं अडखळतं.

तुमच्याकडे दोष दोन आहेत. पहिला सोपा. अँकरपासून खाली येऊन लंबकाला ढकलणारी तार असते, तिला क्रच म्हणतात. जी बाजू उचलल्यावर ठोके जुळतात, त्याच बाजूला ती तार केसभर वाकवायची. म्हणजे समोरून पाहताना डावीकडे. तार वरून एका हाताने घट्ट धरा, जोर अँकरच्या नाजूक पिव्हटवर, म्हणजे त्याच्या दांड्याच्या बारीक टोकांवर, जाता कामा नये. मग घड्याळ सरळ टांगून ऐका. मी आजही हे डोळे मिटून करतो.

दुसरा दोष चरांचा. मऊ पितळेच्या चक्राने कडक पोलाद कसं झिजतं? धुळीचे कण पितळेत रुतून बसतात आणि दाताच कानस होतो. सुदैवाने चर सहसा पॅलेटच्या पूर्ण रुंदीत नसतो. अँकर त्याच्या दांड्यावर थोडा सरकवता आला, तर दाते कोऱ्या जागेवर पडतात. तो सरकत नसेल किंवा चरात नख अडकत असेल, तर पॅलेट बारीक दगडावर घासून, पॉलिश करून, अँकर चक्राच्या थोडा जवळ आणावा लागतो. ते काम जाणत्या घड्याळजीकडेच द्या.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. अँकर काढण्याआधी दोन्ही स्प्रिंगांचा जोर पूर्ण उतरवा, चालीच्याही आणि टोल्याच्याही. शिकाऊ असताना मी चावी भरलेल्या घड्याळाचा अँकर उचलला. चक्रं भर्रकन सुटली आणि एस्केप चक्राच्या तीन दात्यांची टोकं मुडपली. ती भिंगाखाली सरळ करण्यात माझा अख्खा दिवस गेला. जोर कधी उतरवला नसेल, तर पहिल्यांदा कुणाला तरी शेजारी बसवून शिका.

अँकर परत बसवलात की लंबक हाताने अगदी हळू हलवा. सुटलेला दाता समोरच्या पॅलेटवर पडतो, ती झेप दोन्ही बाजूंना सारखी दिसली पाहिजे. पिव्हटची भोकं लंबगोल झाली असतील तर मात्र आधी बुश, म्हणजे त्या भोकांतल्या छोट्या नळ्या, बदलावे लागतील, नाहीतर ही सगळी मेहनत वाया जाईल.

तेल घड्याळाचंच वापरा, पॅलेटवर सुईच्या टोकाएवढं. मधल्या चक्रांचे दाते कोरडेच राहू द्या. चावी पूर्ण उतरेपर्यंत चाललं का, ते जरूर कळवा.