अनैतिक बांधकाम? नाही हो, बेकायदा!

सोलापूरच्या एका वाचकाने विचारलंय: "'बेकायदा बांधकाम'ऐवजी 'अनैतिक बांधकाम' म्हटलं तर चालेल का? नीती आणि कायदा शेवटी एकच ना?"

नाही चालणार. आणि 'नितीमत्ता' लिहिणंही एकदाचं थांबवा. सुटा शब्द 'नीती'; समासात 'नीतिमत्ता', 'नीतिशास्त्र', कारण तिथे संस्कृतातला मूळचा ऱ्हस्व 'ति' परत येतो. फलकांवर नेमकं उलटं रंगवलेलं असतं.

अर्थ कोशात आहेत, ते सोडा. गंमत व्युत्पत्तीत आहे. 'कायदा' अरबी. त्याच्या धातूचा अर्थ 'बसणे'. कायदा म्हणजे बैठक, पाया. म्हणून तर उर्दू शिकणाऱ्या पोराच्या पहिल्या पुस्तकालाही 'कायदा'च म्हणतात. आणि त्याचं अरबी अनेकवचन 'कवाइद', तीच आपली कवायत! मैदानावर पोलीस पाय आपटतात ते शब्दशः 'कायदे'च.

आता नीती. धातू 'नी', आपलं 'नेणे'. सोबतचे शब्द बघा: आचार (चर्, चालणे), रीत (री, वाहणे), वर्तन (वृत्, वळणे), वळण, पायंडा, चालचलणूक, वाकडं पाऊल. सगळे चालणारे! कायदा बसतो, नीती चालते. ती येते कुठून, हेही इथेच कळतं: कुणीतरी बोट धरून नेतं, आई, आजी, गल्ली. वळण 'लावावं' लागतं, राजपत्रात छापून ते लागत नाही.

"न्यायही 'नी'पासूनच" असं ठणकावणाऱ्यांनी पाणिनीच्या 'अष्टाध्यायी' या संस्कृत व्याकरणातलं सूत्र 3.3.37 उघडावं. तिथे न्याय 'नि + इ'पासून साधलाय. 'इ' म्हणजे जाणे, म्हणजे तोही चालणाराच! कायद्याला 'निर्बंध' ('बंध' म्हणजे बांधणे) म्हणा सांगणाऱ्या भाषाशुद्धीवाल्यांनी तर पाया काढून दोरी हातात दिली.

फरक सोलापूरकरांना मी काय सांगावा? 1930 च्या मे महिन्यात शहरात लष्करी कायदा लागला. 12 जानेवारी 1931 ला स्वातंत्र्यलढ्यातले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. फाशी कायदेशीर होती. गावाने पुतळे मात्र या चौघांचे उभारले.

उलट बाजूला वर्तमानपत्रांनी 'अनैतिक' शब्द 'संबंधां'नाच जखडून टाकलाय. व्यभिचाराचं कलम 497 सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 ला रद्द केलं. म्हणजे ते संबंध अनैतिक म्हणा हवं तर, गुन्हा नव्हेत. आणि परगावची चादर 'सोलापुरी' म्हणून गळ्यात मारणाऱ्याला अनैतिक कुणी म्हणत नाही! मालाला गावाचं नाव खोटं लावण्याला चाप लावणारा भौगोलिक मानांकनाचा कायदा 1999 चा. ती लबाडी त्याआधीही अनैतिकच होती.

हां, बांधकाम राहिलं. परवानगी नसेल तर 'बेकायदा'. नकाशा रीतसर मंजूर करून शेजाऱ्याच्या खिडकीतला देखावा अडवला असेल तर बांधकाम कायदेशीर. 'अनैतिक' म्हणायचं ते मालकाच्या वागण्याला, भिंतीला नव्हे.