खुर्चीवरचे कपडे

प्रश्न : मावशी, दर रविवारी सकाळी 9 पासून दिवे लागेपर्यंत मी घर आवरते. बुधवार उजाडेपर्यंत पुन्हा जैसे थे. टेबल दिसत नाही, बेडरूममधल्या खुर्चीवर कपड्यांचा डोंगर. नोकरी आम्हा दोघांनाही आहे. नवरा म्हणतो, "काय करायचं ते सांग, करतो." मुलगी 13 वर्षांची, मुलगा 9 वर्षांचा. कुणी येतो म्हटलं की पोटात गोळा येतो, काहीतरी कारण काढून टाळते. परवा तर घाईत बाथरूममध्ये दोन क्लीनर एकदम ओतले. डोळे चरचरले, खोकला थांबेना. मी आळशी आहे का?
— पसाऱ्यात हरवलेली

उत्तर : अगं, आधी त्या दोन बाटल्यांचं बोलू. पसारा कुठे पळून जात नाही. ब्लीच आणि संडास घासायचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचमध्ये अमोनियावालं क्लीनर पडलं तर क्लोरामाइन, तोही फुप्फुसांना तितकाच वाईट. व्हिनेगरही ॲसिडच, घरगुती आहे म्हणून त्याला सूट नाही. एका वेळी एकच बाटली आणि खिडकी उघडी. पुन्हा कधी असं झालंच तर निस्तरत बसू नकोस, सरळ मोकळ्या हवेत ये. खोकला अजून असेल तर हे वाचणं बाजूला ठेव आणि डॉक्टरांना दाखव.

आता आळशीपणाचं. सुट्टीचा अख्खा दिवस राबणाऱ्या बाईला आळशी म्हणायचं तर मग मला काय म्हणशील? गोम वेगळीच आहे. आवरणं आणि साफ करणं ही दोन कामं, आणि तू ती एकाच दिवशी एकात एक घालून करतेस. टेबल पुसायला मिनिटही लागत नाही. ते मोकळं करण्यात दुपार होते, कारण प्रत्येक वस्तू हातात घेऊन ठरवावं लागतं : कुणाची, कुठे जाणार, ठेवायची का टाकायची. हे डोक्याचं काम आहे, आणि ते घरात एकटं तुझंच डोकं करतंय.

त्या खुर्चीकडेच बघ ना. तिच्यावर मळलेले कपडे नसणार, ते धुवायला जातात. धुतलेलेही फारसे नसणार. असतात ते एकदाच घातलेले. कपाटात ठेवावे तर स्वच्छ कपड्यांत मिसळतात, धुवायला टाकावे तर जिवावर येतं. म्हणजे त्यांना घरात जागाच नाही. मी एकदा वैतागून आमची खुर्ची दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली, तर कपडे पलंगाच्या कठड्यावर जाऊन बसले! शेवटी दारामागे माणशी दोन हुक लावले. दोन्ही भरले की जुना कपडा धुवायला. एवढ्यावर ते भांडण मिटलं.

टेबलाचंही तेच. रास नीट बघितलीस तर चार-पाच जातींच्याच वस्तू निघतील : कागद, चार्जर, चाव्या, मुलांचं काहीबाही. चाव्या दाराजवळ पडत असतील तर त्यांची जागा दाराजवळच कर. आतल्या ड्रॉवरची शिस्त चार दिवस टिकते. आणि हे वाचून लगेच डबे-टोपल्या मागवू नकोस. आधी नको ते काढ, मग उरलेलं मोज. नाहीतर पसारा झाकणाखाली जातो, इतकंच.

पुसण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वरून खाली यायचं, फरशी शेवटी, फडकं ओलसर. कोरड्याने धूळ नुसती उडते आणि पुन्हा बसते. नळावरच्या पांढऱ्या डागांना व्हिनेगरचं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेव, तो क्षार विरघळतो. संगमरवराला मात्र व्हिनेगर लावू नकोस, आणि ब्लीचचा वार वेगळा ठेव.

राहिला नवरा. "सांग, करतो" हे ऐकायला गोड आहे, पण त्यात बघणं, लक्षात ठेवणं आणि सांगणं तुझ्याच गळ्यात राहतं. त्याला कामं सांगू नकोस, खातं दे. कपडे त्याचे : मशीनमध्ये टाकण्यापासून घड्या कपाटात जाईपर्यंत, मध्ये तू एकदाही आठवण करून न देता. त्याच्या घड्या तुझ्यासारख्या होणार नाहीत. तेव्हा त्या उलगडून पुन्हा घालायचा मोह आवर, कारण एकदा घातल्यास की ते खातं तुझ्याकडे परत आलंच म्हणून समज. मुलांना रोज झोपण्याआधी 10 मिनिटं, आपापल्या वस्तू आपापल्या जागी. जागा ठरलेली असेल तर 9 वर्षांच्या पोरालाही ते जमतं. नसेल तर तुलाही जमत नाही, हे तू दर बुधवारी बघतेसच.

आणि माणसांना टाळणं बंद कर. जिच्यासमोर लाज वाटत नाही अशी एखादी मैत्रीण असेलच. येत्या शनिवारी तिला बोलाव, न आवरता. तिच्याकडे ड्रिल असेल तर घेऊन ये म्हणावं, हुक तिच्याच मदतीने लावून टाका.