अ‍ॅराबिडॉप्सिसच्या मायक्रोअ‍ॅरे चिपवर मोहरीची जनुके तपासता येतील का?

आपण ठाण्यात एम.एस्सी. करत आहात आणि अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्याच कुळातील, प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीच्या विभागात शिल्लक असलेल्या एटीएच-१ चिपवर (हजारो जनुके एकदम तपासणारी पट्टी) मोहरीचा आरएनए (चालू जनुकांची पेशीत बनणारी नक्कल) टाकून दोन्ही वनस्पतींतील सारख्या जनुकांची तुलना करता येईल का, असे विचारले आहे. चिप वापरता येईल. मात्र मोहरीची चमक, म्हणजे चिपला चिकटलेल्या आरएनएचा प्रकाश, अ‍ॅराबिडॉप्सिसपेक्षा फिकी आली म्हणून मोहरीत ते जनुक कमी व्यक्त होते (कमी चालू असते), असे म्हणता येणार नाही.

या चिपवर बहुतेक जनुकांसाठी प्रोबच्या, म्हणजे चिपवर बसवलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या, ११ जोड्या असतात आणि प्रत्येक प्रोब जेमतेम २५ डीएनए-अक्षरांचा (ए, टी, जी, सी) असतो. जनुकाचा अनुक्रम दोन्हीकडे ९० टक्के जुळला, तरी २५ अक्षरांमागे सरासरी दोन-तीन अक्षरे वेगळी निघतात, आणि मधोमधचे एकच अक्षर वेगळे असले तरी चमक बरीच घटते. अशा वेळी आरएनए चिपला चिकटवतानाचे तापमान उतरवून पाहण्याचा मोह होतो, पण मग भलतेच आरएनए चिकटू लागतात.

२००५ मध्ये कोबीच्या जातीसाठी याच चिपवर वापरलेली युक्ती मला अधिक पटते. आधी त्या वनस्पतीचा जीनोमिक (म्हणजे पेशीतला संपूर्ण) डीएनए चिपवर टाकायचा, तो ज्या प्रोबना नीट चिकटेल तेवढेच हिशेबात धरायचे आणि आरएनएचे आकडे काढताना बाकीचे गाळायचे. जनुक चालू असो वा बंद, त्याचा डीएनए पेशीत असतोच. त्यामुळे येथे चमक नसेल, तर बहुधा तो प्रोबच जुळत नाही.

आपली मोहरी, म्हणजे ब्रॅसिका जुन्सिया, दोन जातींचे जीनोम एकत्र येऊन झालेली आहे. शिवाय ब्रॅसिकाच्या पूर्वजांत सगळा जीनोम तिप्पट झाला होता. त्यामुळे अ‍ॅराबिडॉप्सिसच्या एका जनुकासमोर मोहरीत अनेक प्रती उभ्या राहतात आणि चिप त्यांची सरमिसळच दाखवते. म्हणून ताण (उदा. पाण्याची कमतरता) दिलेल्या आणि न दिलेल्या मोहरीची तुलना मोहरीतच करावी, अ‍ॅराबिडॉप्सिसची त्याच्यातच, आणि मग दोन्हींतील बदलांची दिशा ताडून पाहावी.

बी मात्र वाशीच्या घाऊक बाजारातून आणू नये. फोडणीच्या मोहरीत अनेक वाण मिसळलेले असू शकतात. नव्याने खर्च करायचाच असेल, तर मी चिपऐवजी आरएनए सिक्वेन्सिंग, म्हणजे आरएनएचा अनुक्रम थेट वाचण्याची पद्धत, निवडेन, कारण त्यात मोहरीच्या आरएनएचे वाचलेले तुकडे मोहरीच्याच जीनोमशी जुळवता येतात.