बीपी नॉर्मल, तरी हायपरटेन्शन?

प्रश्न असा आहे: वडिलांच्या टूडी एकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात 'पल्मनरी हायपरटेन्शन' लिहिलंय, पण दंडावर बीपी ११८/७६. मराठीत याला उच्च रक्तदाब म्हणावं का?

नुसतं तसं म्हणू नये. 'त्यांना बीपी आहे' म्हटलं की कुठल्या रक्तवाहिनीतलं, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. पट्टा बांधून मोजतात तो दाब हृदयाच्या डाव्या बाजूने अंगभर रक्त नेणाऱ्या धमन्यांतला. रिपोर्टातला दाब उजवीकडून फुप्फुसांत जाणाऱ्या धमनीतला. (धमनीत शुद्ध रक्त असतं असं शाळेत घोकलेलं असतं, ही त्याला अपवाद.) पट्ट्याला या दाबाचा पत्ताच लागत नाही. एकोवर अंदाज येतो. खात्रीसाठी हृदयाच्या उजव्या बाजूत कॅथेटर (बारीक नळी) घालावा लागतो.

दोन्हीकडून मिनिटाला रक्त सारखंच जातं, विश्रांतीत साधारण पाच लिटर. तरी डावीकडे १२०/८० आणि फुप्फुसधमनीत जेमतेम २५/१०, कारण फुप्फुसातल्या वाहिन्या आखूड आणि सैल. म्हणूनच उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते, आणि पुढचा दाब वाढत गेला की ती थकते. मग चालताना दम लागतो, पाय सुजतात. फुप्फुसधमनीतला सरासरी दाब २० च्या वर गेला की आजार धरतात. ही मर्यादा पूर्वी २५ होती, २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ती खाली आणली.

'फुप्फुसीय उच्च रक्तदाब' हा प्रतिशब्द चुकीचा नाही. पण ऐकणारा शेवटचे दोनच शब्द लक्षात ठेवतो आणि 'बीपीची गोळी वाढवू का?' विचारतो. मी 'फुप्फुसधमनीतला वाढलेला दाब' लिहीन. लांबलचक आहे खरं, पण जागा आधी कळते.

दोन्ही दुखण्यांचा संबंधच नाही, असंही नाही. वर्षानुवर्षांच्या बीपीने हृदयाची डावी बाजू ताठरते, मागे दाब साचतो आणि तो फुप्फुसांपर्यंत पोचतो. झडपेचा आजार, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार), फुप्फुसात अडकलेल्या गुठळ्या ही आणखी कारणं, आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा.

आपल्याकडच्या एको रिपोर्टांत या सगळ्यांना सरसकट 'पीएएच' (पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन) लिहितात, ते मात्र खटकतं. पीएएच हा त्यातला एकच, तुलनेने दुर्मीळ गट, ज्यात फुप्फुसातल्या बारीक धमन्याच अरुंद होतात. सिल्डेनाफिल, बोसेंटान ही औषधं मुख्यतः त्याची. वडिलांच्या रिपोर्टात तीच अक्षरं असतील, तर दाब कशामुळे वाढलाय हे हृदयरोगतज्ज्ञांना थेट विचारा.