चालत्या सायकलच्या मागे ड्रोन आपोआप कसा जातो?

मुख्य पद्धती दोनच. जुनी जीपीएसची: खिशातला फोन किंवा हातातला रिमोट आपली जागा कळवत राहतो, ड्रोन त्या ठिपक्यामागे येतो. त्याला तुम्ही दिसतच नाही! त्यात जीपीएस दोन-चार मीटर सहज चुकतं, मग सायकल व्हिडिओच्या चौकटीच्या कडेला जाते.

2016 च्या डीजेआय कंपनीच्या फँटम 4 ड्रोनमध्ये कॅमेऱ्यानेच पाठलाग करायची सोय आली. स्क्रीनवर सायकलस्वाराभोवती बोटाने चौकोन काढायचा. ड्रोन पुढच्या प्रत्येक फ्रेममध्ये तोच आकार, तोच रंग शोधत वळत राहतो. झाडाआड गेलात तर वेगावरून अंदाज बांधतो. पण तेवढ्यात तशाच जर्सीतला दुसरा कोणी आला, तर कधीकधी खुशाल त्याच्या मागे लागतो. आणि बारीक फांद्या, विजेच्या तारा त्याला दिसतीलच असं नाही.