‘दाबा’ की ‘दाबावे’? तांत्रिक लेखन करणाऱ्यांचे प्रश्न

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यासाठी मागांची मॅन्युअल्स मी एकटाच लिहितो. एकट्याला शैलीपुस्तिका, म्हणजे कुठे कोणता शब्द वापरायचा याची नियमवही, कशाला?

एकट्यालाच जास्त लागते, कारण टोकणारं कुणी नसतं. एका पानावर तुम्ही ‘माग थांबवा’ लिहिता, पुढे कुठेतरी ‘माग बंद करा’. तुमच्या लेखी दोन्ही एकच. पण तुटलेला धागा जोडायला हात घालणाऱ्याने काय समजायचं? माग नुसता थांबलाय की वीजही तोडलीय? तेव्हा वहीत पहिली नोंद ही करा: ‘थांबवा’ म्हणजे माग थांबतो, वीज चालूच राहते; ‘बंद करा’ म्हणजे मेन स्विचवरून वीज तोडायची. अशा नोंदींनी दोन पानं भरली की झाली तुमची शैलीपुस्तिका. शेकडो पानांची तयार पुस्तिका उतरवून ठेवणारे पुष्कळ भेटतात, ती उघडणारे थोडे.

शिवाय सोलापुरात मागावर उभा असलेला माणूस घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारा असू शकतो. वाक्यं आखूड हवीत. विमान उद्योगातून आलेलं एएसडी-एसटीई१०० हे मानक इंग्रजी सूचनेच्या वाक्याला २० शब्दांची मर्यादा घालतं आणि एका वाक्यात शक्यतो एकच सूचना द्यायला सांगतं. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, म्हणून मी बाराच्या पुढे सहसा जात नाही.

मायक्रोसॉफ्टची शैलीपुस्तिका घ्यावी की गूगलची?

सामान्य वापरकर्त्याला सॉफ्टवेअर समजावायचं असेल तर मायक्रोसॉफ्टची, एपीआयची, म्हणजे एक सॉफ्टवेअर दुसऱ्याशी जोडण्याच्या सोयीची, माहिती लिहायची असेल तर गूगलची. दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत. एकाच मॅन्युअलमध्ये दोन्हींची खिचडी तेवढी नको.

आमच्या क्लायंटचे नियम गूगलच्या उलट आहेत. मला ते चुकीचेच वाटतात. कुणाचं ऐकू?

क्लायंटचं. प्रकल्पाचे स्वतःचे नियम असतील तर आधी ते पाळा, असं गूगलची पुस्तिकाच सांगते. स्वल्पविरामावरून भांडू नका. सुरक्षेवरून मात्र भांडा. इशारा कृतीच्या आधीच यायला हवा. क्लायंटच्या साच्यात तो पानाच्या तळाशी ‘टीप’ म्हणून ढकलला असेल तर लेखी हरकत घ्या. अमेरिकेच्या एएनएसआय झेड५३५ मानकांत ‘डेंजर’ म्हणजे धोका टाळला नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, ‘वॉर्निंग’ म्हणजे होऊ शकते, ‘कॉशन’ म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. ही उतरंड आवडीनिवडीने बदलायची नसते.

मराठी मॅन्युअलला कोणते नियम लावायचे? आणि आकडे कोणते?

साहित्य महामंडळाचे नियम आहेत, १९६२चे १४ आणि १९७२चे ४. पण ते शुद्धलेखनापुरते. ‘दाबा’ की ‘दाबावे’, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. मी ‘दाबा’ लिहिते. ‘दाबण्यात यावे’ सरकारी परिपत्रकात राहू द्या. आकड्यांचं म्हणाल, तर मशीनच्या पॅनेलवर जे दिसतात तेच सूचनांमध्ये छापा. पॅनेलवर इंग्रजी अंक असतील तर सेटिंग्जही इंग्रजी अंकांतच. पानांचे क्रमांक खुशाल देवनागरीत ठेवा.