नोकरी किंवा इंटरनेट कंपनी बदलली तरी ईमेल पत्ता आयुष्यभर तोच राहावा, यासाठी काय करावं?

स्वतःचं डोमेन घ्या. उत्तर एवढंच आहे, पण मला ते फार उशिरा सुचलं.

शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं होतो. बँक, पीएफ, इन्कम टॅक्स, सगळीकडं कंपनीचाच ईमेल दिलेला. नोकरी सोडली त्याच संध्याकाळी तो बंद. पत्ता बदलायला जावं, तर ओटीपी जुन्याच पत्त्यावर! लक्ष्मीपुरीतल्या बँकेत तीन हेलपाटे झाले.

डोमेन म्हणजे 'ॲट'च्या पुढचं नाव. ते तुमचं असलं की मेलबॉक्स कुणाकडंही ठेवा. या नावाचे मेल कुठल्या सर्व्हरवर न्यायचे ते डोमेनच्या सेटिंगमधला एमएक्स रेकॉर्ड सांगतो. मध्यंतरी मी मेलबॉक्सवाला बदलला. एमएक्स बदलला, जुने मेल आयमॅपनं (सर्व्हरवरचे मेल वाचायची-हलवायची ठरलेली पद्धत) नव्या जागी ओढून घेतले. बाहेर कुणाला पत्ताही लागला नाही.

शेवटी 'डॉट इन' असलेल्या नावाला वर्षाला साधारण हजाराच्या आसपास खर्च येतो. आधी मी चिकटपणा करून नुसतं फॉरवर्डिंग लावलं होतं, म्हणजे डोमेनवर आलेला मेल आपोआप दुसऱ्या खात्यात ढकलायचा. पण फॉरवर्ड झालेला मेल बँकेच्या एसपीएफ यादीत (बँकेच्या नावानं मेल पाठवायची परवानगी असलेले सर्व्हर) नसलेल्या सर्व्हरवरून येतो, मग तो अधनंमधनं स्पॅममध्ये जाऊन बसतो. शेवटी पैसे मोजून मेलबॉक्स घेतला.

खरी भीती आहे ती नूतनीकरण विसरण्याची. मुदत संपून नाव सुटलं की ते कुणीही घेऊ शकतो, आणि तुमचे पासवर्ड बदलायचे मेल थेट त्याच्या हातात. एकदम १० वर्षांपर्यंतचे पैसे भरता येतात, तेवढे भरा आणि तारीख घरात सांगून ठेवा. डोमेन विकणाऱ्याकडच्या खात्याला मात्र त्याच डोमेनचा ईमेल देऊ नका. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यागत होतं.

एवढा व्याप नको असेल तर जीमेलही चालेल. फक्त अधूनमधून उघडत राहा, २ वर्षं वापर नसलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं.

नाव फोनवर एका दमात सांगता येईल असं घ्या. तरी काउंटरवरचा माणूस विचारतोच, "पुढं जीमेल डॉट कॉम ना?" परवा राजारामपुरीत चष्म्याच्या दुकानात दोनदा नाही म्हणून सांगितलं. पोरानं मान हलवली आणि टाकलंच. बिल अजून आलेलं नाही.